वाड्यावरची डॉक्टरकी

मृगाचा पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की पारनेरचं पठार हिरवं दिसू लागतं. शहरातून आलेल्या माणसाला ते पाहून बरं वाटतं. मेंढपाळाला मात्र याच दिवसांची धास्ती असते. सकाळी उड्या मारणारं कोकरू संध्याकाळी मान मागे टाकून पाय झाडू लागतं आणि तासा-दोन तासांत मरतं. मरतं तेही कळपातलं सगळ्यात धट्टंकट्टं, आईचं दूध भरपूर पिणारं. किरकोळ, अशक्त कोकरू वाचतं.

हा आंत्रविषार. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूच्या ‘डी’ प्रकारामुळे तो होतो. हा जिवाणू बाहेरून यावा लागत नाही. निरोगी मेंढीच्या आतड्यातही तो थोडाफार असतो आणि एरवी त्याचा काही त्रास नसतो. खाण्यात एकाएकी मोठा बदल झाला, म्हणजे कोवळं गवत, कापणीनंतर रानात पडलेली कणसं किंवा भरमसाट दूध पोटात गेलं, की न पचलेलं पिष्ट आणि साखर पुढे आतड्यात उतरते. तिथे प्राणवायू नसतो आणि अन्न भरपूर असतं. या जिवाणूला हेच हवं असतं. तो झपाट्यानं वाढतो आणि एप्सिलॉन नावाचं विष तयार करतो. गंमत अशी, की हे विष सुरुवातीला जवळजवळ निष्क्रिय असतं. मेंढीचे स्वतःचे पाचकरसच त्याला धार लावतात. विष रक्तात गेलं की केशवाहिन्या पाझरू लागतात, मेंदूला सूज येते, मूत्रपिंड लिबलिबीत होतं. खादाड, सुदृढ जनावर आधी का मरतं याचं उत्तर यातच आहे: ज्यानं जास्त खाल्लं, त्याच्या आतड्यात जास्त विष. डॉक्टरनं येऊन सुई टोचेपर्यंत खेळ संपलेला असतो. उपाय एकच, लस. आणि तीही आधी.

पशुवैद्यक म्हणून माझी उमेदीची बरीच वर्षं पारनेर आणि संगमनेर भागातल्या धनगर मेंढपाळांत गेली. निवृत्तीनंतर लोक विचारतात, एवढ्या नोकरीत सगळ्यात चांगले दिवस कोणते? मी वाड्यावरचे सांगतो. वाडा म्हणजे इथे चिरेबंदी घर नव्हे. चार-सहा, कधी दहा-बारा कुटुंबं आपापली मेंढरं घेऊन एकत्र फिरतात, त्या फिरत्या वस्तीला वाडा म्हणतात. दिवाळी झाली की वाडा निघतो. पारनेर तालुक्यातलं ढवळपुरी या फिरस्तीसाठी ओळखलं जाणारं गाव. तिथून आणि आसपासच्या गावांतून काही वाडे भीमेच्या, घोडनदीच्या खोऱ्यात जातात, काही जुन्नर-ओतूरवरून माळशेज घाट उतरून कोकणात. कापलेल्या भाताच्या खाचरांत मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. रोहिणी नक्षत्र लागायच्या सुमाराला माघारी वळायचं आणि पाऊस धरायच्या आत घाट चढून पठार गाठायचं.

असं ऋतूप्रमाणे वरखाली करणं काही धनगरांचीच मिरास नाही. अरुणाचल प्रदेशातले ब्रोक्पा याक घेऊन उन्हाळ्यात उंच कुरणांवर चढतात आणि हिवाळ्यात खाली उतरतात. त्यांच्या भागात दिरांग इथे १९८९ पासून याक संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. याकवाल्याला थंडी हलवते, आमच्या मेंढपाळाला पाऊस. पारनेरला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. घाटाखाली त्याच्या पाच-सहा पट. त्या चिखलात दख्खनी मेंढीचे खूर सडतात, दलदलीतल्या गोगलगायींमुळे यकृतातले चपटे कृमी होतात, अंगावरची लोकर वाळत नाही. म्हणून जूनमध्ये वर आणि कार्तिकात खाली. हे वेळापत्रक कुणी बसून आखलेलं नाही. मेंढीच्या खुरांनी आणि यकृतानं ते ठरवलं आहे.

वाड्याचा दिवस पहाटेच सुरू होतो, पण मेंढरं लवकर सुटत नाहीत. पहिल्या वर्षी मला याचं नवल वाटायचं. ऊन चांगलं वर येईपर्यंत मेंढरं वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसलेली. चरायला उशीर का, असं विचारल्यावर एका म्हातारबांनी गवतावर तळहात फिरवून ओला हात मला दाखवला. “दहिवर सुकू द्या डाक्टर. वलं गवत खाल्लं की मेंढरू पांढरं पडतंय.”

पांढरं पडतं म्हणजे रक्त कमी होतं. मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात हिमोंकस नावाचा रक्त पिणारा जंत राहतो. त्याची अंडी लेंडीतून जमिनीवर पडतात, अळ्या बाहेर येतात आणि दंवाच्या ओलाव्यात गवताच्या पात्यांवर चढतात. ऊन तापलं, पातं कोरडं झालं की त्या खाली मातीकडे सरकतात. सकाळी ओलं गवत खाणारी मेंढी त्यामुळे जास्त अळ्या गिळते. अळी डोळ्यांना नीट दिसत नाही आणि म्हातारबांनी सूक्ष्मदर्शक कधी पाहिला नव्हता. तरी दहिवराचा आणि पांढऱ्या पडण्याचा संबंध त्यांच्या आजा-पणजानं लावून ठेवला होता. यासाठी किती पावसाळे, किती कळप पाहावे लागले असतील?

मेंढी पांढरी पडली हे ओळखायची त्यांची रीतही साधी. खालची पापणी अंगठ्यानं ओढायची आणि आतला रंग बघायचा. लाल-गुलाबी असेल तर ठीक, फिकट असेल तर लक्ष ठेवायचं, कागदासारखी पांढरी झाली की औषध. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी नेमकी हीच तपासणी पाच रंगांच्या तक्त्यावर आणली. ‘फामाचा’ नावानं तो तक्ता आज जगभर वापरला जातो. त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. सगळ्या कळपाला सरसकट जंताचं औषध पाजलं की औषधाला दाद न देणारे जंतच तेवढे मागे उरतात आणि पुढे त्यांचीच पैदास होते. ज्या मेंढीला गरज आहे तिलाच औषध दिलं तर औषधाची धार टिकते. आम्ही तो तक्ता वाड्यावर नेला तेव्हा बायांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला, आणि एकीनं तिसऱ्या आणि चौथ्या रंगाच्या मध्ये बोट ठेवून सांगितलं, “आमी हितनं पुढं औषध देतो.” तक्त्याचा सल्लाही जवळपास तोच आहे.

बायांचा उल्लेख मुद्दाम केला. मेंढपाळ म्हटलं की काठी आणि फेटा डोळ्यांपुढे येतो, पण कळपाची डॉक्टरकी खरं म्हणजे बाया करतात. पुरुष मेंढरं घेऊन रानात जातात. बिऱ्हाड घोड्यांवर लादायचं, पुढचा मुक्काम गाठायचा, पाणी, सरपण, भाकरी, आणि या सगळ्यात मागे राहिलेली नवी कोकरं, आजारी मेंढ्या, व्यायला झालेल्या मेंढ्या, हे सारं त्यांच्याकडे. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, त्यावर वाघूर, त्यावर दोन कोंबड्या आणि टोपलीत चार दिवसांचं कोकरू अशी वरात मी अनेकदा पाहिली आहे. कोणत्या मेंढीनं किती वेळा कोकरू टाकलं, कुणाला चीक कमी येतो, कुणाची सड दुखरी आहे, हे सगळं तोंडपाठ. सरकारी नोंदवहीत माझ्याकडे ‘मेंढ्या – २२०’ असायचं. त्यांच्याकडे २२० मेंढ्या असायच्या.

ज्वारीचं रान हा असाच एक धडा. ज्वारी कापल्यावर बुडख्यांना जे कोवळे फुटवे येतात, किंवा पावसानं ताण दिल्यावर खुरटलेली जी लहान ज्वारी असते, तिच्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं. जनावरानं पान चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं आणि पेशींना प्राणवायू वापरताच येत नाही. रक्त लालभडक, पण जनावर गुदमरतंय. काही मिनिटांत आडवं. गावाकडे याला ‘किराळ लागणं’ म्हणतात. शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट वेळेत मिळालं तर जनावर वाचतं, पण वेळ फारच थोडा असतो. मेंढपाळ अशा रानाच्या कडेनं कळप नेताना आवाज चढवतात, कुत्री पुढे घालतात. पोटफुगीवरचा त्यांचा उपायही शास्त्राला धरून आहे. फेसाळ पोटफुगीत वायू बुडबुड्यांत अडकतो आणि जनावराला ढेकर देता येत नाही. गोडेतेल पाजलं की फेस मोडतो. दवाखान्यातल्या बाटलीतल्या औषधाचं कामही तेच, फक्त नाव मोठं.

सगळंच जुनं ते सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. लंगडणाऱ्या मेंढीला तापल्या लोखंडानं डागण्याची रीत मला कधी पटली नाही. डागल्यानं लंगडणं थांबत नाही, जखम मात्र होते आणि पावसाळ्यात तिच्यात अळ्या पडतात. बऱ्याच वेळा खुराच्या बेचक्यात काटा किंवा सड असते. खूर कोरून साफ केला आणि झिंक सल्फेटच्या पाण्यात बुडवला तर काम होतं. मोरचुदाचं पाणीही चालतं, पण मेंढीला तांबं सोसत नाही. तिनं ते पाणी पिऊ नये एवढं पाहायचं. जखमेतल्या अळ्यांसाठी सीताफळाच्या पाल्याचा लगदा लावतात, त्यात कीटकनाशक गुण खरोखरच आहे. फक्त डोळ्यांपासून लांब ठेवायला हवा. आणि अलीकडे नवीच अडचण झाली आहे. औषधाच्या दुकानातून मिळणारी इंजेक्शनं अंदाजानं, अर्ध्या-मुर्ध्या मात्रेत टोचली जातात. डागणी वाईट, पण ती निदान एका मेंढीपुरती राहते. कमी मात्रेतलं जंतनाशक आणि प्रतिजैविक पुढच्या सगळ्या कळपांना महागात पडतं.

थंडीत मुक्कामाला राहायची वेळ आली की घोंगडी मिळायची. दख्खनी मेंढीची लोकर भरड, काळी. गिरणीला तिचा फारसा उपयोग नाही. चिंचोक्याची खळ दिलेली नवी घोंगडी अंगाला टोचते, हेही खरं. पण लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेऊनही ओला वाटत नाही, आणि ओलावा शोषताना थोडी ऊब सोडतो. म्हणून भुरभुर पावसात घोंगडीखालचा माणूस गारठत नाही. आज या लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीही निघत नाही म्हणून मेंढपाळ ती बांधाला टाकून देतात आणि बिनलोकरीच्या, मोठ्या अंगाच्या मडग्याळ मेंढ्यांकडे वळतात. मांसाचा भाव पाहता त्यांचं चुकतं असं कसं म्हणू? राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर बरंच काम झालं आहे, संगमनेरी हा तिचाच एक प्रकार. पण कोरड्या माळावर चालत राहण्याची जी ताकद तिच्यात आहे ती वजनकाट्यावर दिसत नाही.

फलटणच्या निंबकर संस्थेचं काम या बाबतीत मला शिकवून गेलं. सुंदरबनातल्या गरोळ या बुटक्या मेंढीत जुळी-तिळी होण्याचं एक जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला बंगालमधून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांबरोबर ते तिकडच्या मेरिनोतही पोचलं. फलटणला ते दख्खनी मेंढीत आणलं गेलं. मेंढपाळाला हे सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, “दोन कोकरं घोड्यावर कोण ठेवणार?” मेंढीला दूध पुरेल का, चालत्या वाड्यात दोन्ही जगतील का, हा हिशेब त्याच्या डोक्यात तयार होता. बागायती गावात, बंदिस्त गोठ्यात उत्तर वेगळं येतं. एकच शोध, पण त्याचा फायदा मेंढी कुठे आणि कशी राहते यावर ठरतो.

आता माणसांच्या तब्येतीबद्दल, कारण वाड्यावर माणूस, मेंढी आणि कुत्रा यांचं आरोग्य वेगळं काढता येत नाही. मेंढी मेली किंवा कापली की फुप्फुस, काळीज कुत्र्यांपुढे टाकलं जातं. त्यात कधी कधी पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. कुत्र्यानं त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर जातात. मेंढी ती गवताबरोबर खाते. कुत्र्याशी खेळून तसंच जेवायला बसलेलं पोरही गिळतं. मग त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि एक दिवस शस्त्रक्रियेची वेळ येते. हा हायडॅटिड रोग. तो तोडायला फार खर्च लागत नाही. गाठी असलेले अवयव खोल पुरायचे किंवा जाळायचे, कुत्र्यांना ठरावीक अंतरानं प्राझिक्वाँटेलची गोळी द्यायची, जेवणाआधी हात धुवायचे. पुरण्याचा सल्ला द्यायला सोपा आहे. उद्या पहाटे मुक्काम हलणार असताना खडकाळ माळावर खड्डा खणणं किती सोपं, हे सांगणाऱ्यानं एकदा खणून पाहावं.

दुसरा रोग ब्रुसेलोसिस. मेंढीनं गाभ टाकला की ते कोकरू, वार, पाणी हे सगळं हातानं उचलणारी बाई. तिच्या हातावर काट्यांचे ओरखडे असतातच. जिवाणू तिथून शिरतो. न उकळलेल्या दुधातूनही येतो. मग येणारा-जाणारा ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखणं. मलेरिया म्हणून औषध होतं, टायफॉइड म्हणून होतं, संधिवात म्हणूनही होतं. डॉक्टरला एकच प्रश्न विचारायचा सुचला पाहिजे: घरी मेंढरं आहेत का, कुणी गाभ टाकला होता का? रक्ताची तपासणी झाली, निदान झालं, तर सहसा दोन प्रतिजैविकांचा सहा आठवड्यांचा उपचार असतो. सहा आठवडे. म्हणजे वाड्याचे निदान आठ-दहा मुक्काम. गोळ्या मध्येच सुटल्या की ताप परत.

धनगरांच्या देवांवर, ओव्यांवर, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं तर आयुष्याचा मोठा भाग त्यात घालवला. त्यांच्या डॉक्टरकीवर त्या मानानं फार थोडं आहे. आणि आरोग्यसेवा ज्या कागदांवर चालते, त्यांत ते जवळजवळ नाहीतच, कारण आमचे कागद गावागावाचे असतात. लसीच्या मात्रा पशुगणनेच्या आकड्यांवरून मागवल्या जातात. गणना ज्या गावात झाली ते गाव एक, मेंढी उभी आहे ते रान दुसऱ्या जिल्ह्यात.

सुरुवातीला सांगितलेल्या आंत्रविषाराचंच घ्या. ज्या मेंढीला पूर्वी कधीच लस दिलेली नाही तिला दोन मात्रा लागतात, मध्ये दोन ते तीन आठवडे. नंतर दरवर्षी एक. दुसऱ्या मात्रेनंतर शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायलाही आठ-दहा दिवस जातात. म्हणजे कोवळं गवत यायच्या महिनाभर आधी काम सुरू व्हायला हवं, आणि पुस्तकात लिहिलंच आहे: पावसाळ्यापूर्वी. पण पावसाळ्यापूर्वी वाडा पारनेरात नसतोच. तो घाटाखाली कुठल्या तरी खाचरात किंवा घाटाच्या वाटेवर असतो. वाडा पठारावर पोचतो, तेव्हा पाऊस आणि गवतही पोचलेलं असतं. लस आहे, मेंढी आहे, दोघींची गाठ पडत नाही.

आम्ही वाड्यातल्या म्हाताऱ्यांशी बसून यावर एक तोड काढली. पहिल्या दोन मात्रा आश्विनात, वाडा निघायच्या आधी. बऱ्याचशा दख्खनी मेंढ्या पावसाळ्यात फळतात आणि दिवाळीच्या पुढेमागे वितात, त्यामुळे तेव्हा त्या गाभण असतात. आईच्या अंगातली प्रतिकारशक्ती चिकातून कोकराला मिळते आणि त्याचे पहिले दोन-तीन महिने सुखरूप जातात. तिसरी मात्रा वैशाखात, जिथे वाडा असेल तिथे, मोठ्या मेंढ्यांना आणि वाढलेल्या कोकरांनाही. तिथी आणि नक्षत्र मेंढपाळाच्या डोक्यात असतंच; मी फक्त त्यापुढे मात्रा लिहिली. ज्या वाड्यांनी हे पाळलं तिथे जूनमधली मर उतरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अवघड होती ती वैशाखातली मात्रा. परक्या तालुक्यातल्या दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न: गाव कोणतं?

पीपीआरचं त्या मानानं सोपं आहे. बुळकांडीच्या विषाणूचा हा चुलतभाऊ. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूत पहिल्यांदा नोंदला गेला. ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि न्यूमोनियानं मृत्यू. मुक्तेश्वरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘सुंगरी ९६’ या वाणापासून बनवलेली लस एकदा टोचली की सुमारे तीन वर्षं निभावते. तेवढ्या काळात वाडा कधीतरी घरी सापडतोच. बुळकांडी २०११ मध्ये जगातून गेली. पीपीआर २०३० पर्यंत घालवायचं उद्दिष्ट ठरलं आहे. गावातल्या गोठ्यांत लस पोचवून ते पूर्ण होणार नाही. जो कळप तीन जिल्हे ओलांडतो, वाटेत दहा गावांच्या शेळ्यांशी त्याचा संबंध येतो, तोच जर सुटला तर विषाणूला चालता रस्ता मिळतो.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी ज्या जामखेड तालुक्यात आहे, तिथेच १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आपलं काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या, बहुतेक फारशा न शिकलेल्या बायांना त्यांनी बाळंतपण, लसीकरण, जुलाबावरचं मीठ-साखर-पाणी शिकवलं. डॉक्टर गावात नसताना गाव सांभाळणाऱ्या या बायांनी तिथलं आरोग्य बदललं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. मग मेंढरांच्या बाबतीत आपण अजून डॉक्टरनं वाडा शोधत फिरायचं, असं का धरून बसलो आहोत? पापणी उलटून रक्त पाहणारी, अडलेल्या मेंढीची वेण सोडवणारी बाई कातडीखाली सुई टोचायला दोन दुपारीत शिकते. तिला लागतं ते बर्फ भरलेलं लसीचं खोकं, कोणत्याही तालुक्यात चालेल असं कळपाचं एक कार्ड, आणि पशुवैद्यकाचा फोन नंबर. लस दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे आणि पीपीआरची कुपी एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवली पाहिजे, या दोन गोष्टी तिनं सांभाळल्या की झालं. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आता आहे, त्याचा उपयोगही होतो. पण पथक आजारी जनावरापर्यंत जातं, आंत्रविषारात तेव्हा उशीर झालेला असतो.

कुणी म्हणेल, आता फिरस्ती कमीच होत चालली आहे, मग एवढा खटाटोप कशाला. कमी होते आहे, खरं आहे. कोकणातल्या खाचरांना कुंपणं पडली, पठारावर माळ उरला नाही, रस्त्यावर भरधाव ट्रक, आणि पोरांना शाळा हवी. पण रासायनिक खतांचे भाव वाढल्यापासून मेंढरं बसवायला बोलावणारे शेतकरीही वाढले आहेत, असं मेंढपाळच सांगतात. आणि फिरणारे वाडे निम्मे झाले तरी उरलेल्या निम्म्यांची मेंढरं जूनमध्ये मरायची थांबत नाहीत.

गेल्या वैशाखात एक फोन आला. ज्या म्हातारबांनी मला ओला तळहात दाखवला होता त्यांचा नातू. वाडा माळशेजच्या पायथ्याला होता.

“डाक्टर, रोहिणी लागायला बारा दिस हायेत. तिसरी मात्रा हितं कुटं मिळंल?”

मी जवळच्या दवाखान्याचं ठिकाण सांगितलं, तिथल्या डॉक्टरांशी बोलतो म्हटलं, आणि मेंढ्या किती आहेत ते विचारलं.

“दोनशे चाळीस,” तो म्हणाला. “कोकरं येगळी.”